भिंतीपलीकडे गेला की आऊट

कांचन, शुक्रवारी चार वाजेपर्यंत तुला भिंतीवरून परत आणायचंय. आपल्या बॉसबाईने, डर्व्हलाने, तसं बजावलंय. आज बुधवार, दुपार. समोर कोरा कागद आहे आणि मी मघापासून नुसती पेन्सिलीला टोक काढतेय. पेन्सिल संपत आली.

तू म्हणजे खरी तू नाहीस. ते माझ्या हातात असतं तर शुक्रवारपर्यंत कोण थांबलं असतं! आपल्या गेममधली तू. लाल टोपीखालून लांब वेणी लोंबतेय ती पोरगी. ती प्लास्टिकचा बॉल मागच्या अंगणाच्या भिंतीपलीकडे मारते, आऊट होते, आणि बॉल आणायला भिंत चढून पलीकडे उतरते. तिचं जाणं मी काढलंय. येणं राहिलंय. हा नियम गेममध्ये असावा की नसावा यावरचं आपलं भांडण मिटलं नव्हतं ना! ते मिटेपर्यंत मी पुढची एक रेघ मारणार नाही, असं मी तुला ठणकावलं होतं. तू म्हणालीस, "नको मारू. पाहू कोण थकते." आणि ऑपरेशनला निघून गेलीस. त्यांनी तुझ्या हृदयाची झडप बदलली, पण तू काही शुद्धीवर आली नाहीस. त्याला पंधरवडासुद्धा झालेला नाही.

तुझा नवरा प्रशांत तुझ्या अस्थी घेऊन नागपूरला गेलाय. जाताना तुमच्या घराची किल्ली माझ्या हातात दिली. म्हणाला, "हीटिंग चालू आहे ना तेवढं बघत जा. पाइप गोठले तर कांचन मला सोडणार नाही." मग त्याच्याच लक्षात आलं आपण काय बोललो ते. मी किल्ली पर्समध्ये टाकली.

तुला सांगू, मला सध्या सगळ्यांचा राग येतो. इथल्या मराठी मंडळींनी तुझ्यासाठी शोकसभा घेतली. एकेक जण उठून सांगतोय, कांचन किती शांत, किती समजूतदार, कधी आवाज म्हणून चढला नाही. कोणाबद्दल बोलत होते गं हे लोक? मी शेवटच्या रांगेत दात-ओठ खात बसले होते. तुझ्याइतकी हट्टी बाई मी अख्ख्या आयर्लंडात पाहिली नाही, आणि मी स्वतः पुण्याची आहे!

आठवतं का, अमेरिकेहून त्या डेलचं खोकं आलं तो दिवस? मंदीने आपल्या छोट्याशा कंपनीत जेमतेम पाच माणसं उरली होती. त्यातल्या दोघी आपण. तू कोड लिहायचीस, मी चित्रं काढायचे, आणि डर्व्हला रोज सकाळी कामं कुठून आणायची या चिंतेत चहा ढवळत बसायची. तेवढ्यात अमेरिकेतल्या या डेल नावाच्या माणसाने फोनवर खेळायच्या गेमचं काम दिलं. परसातलं बेसबॉल, प्लास्टिकच्या बॉलचं. तिकडे पोरं घरामागे खेळतात तसं. आपल्यापैकी कोणी बेसबॉलची एक मॅच पाहिलेली नव्हती. डर्व्हला शाळेत राउंडर्स हा बेसबॉलसारखाच इकडचा खेळ खेळलेली, तेवढ्यावर तिने "आह, वुई'ल बी ग्रँड" म्हणून, म्हणजे 'होईल सगळं मस्त' म्हणून, होकार कळवला.

मग ते खोकं. त्यात एक पिवळी, काठीसारखी बारीक बॅट. एका बाजूला लांबट भोकं पाडलेले पोकळ बॉल. अभ्यासाला म्हणून गॅरेजमागे खेळणाऱ्या भावांचं एक चित्रांचं पुस्तक, म्हातारपणी वडिलांच्या परसात पुन्हा सामना लावणाऱ्या मित्रांच्या सिनेमाची सीडी, आणि याच खेळावरचे दोन जुने व्हिडिओ गेम. शनिवारी आपण तुझ्या सोफ्यावर चिवडा खात सगळं पाहिलं. मी रंग बघत होते, गवताचा हिरवा, संध्याकाळच्या सावल्या. तू मात्र पुस्तक उलटंसुलटं करून बघत होतीस. मध्येच म्हणालीस, "ह्यांच्यात बॉल भिंतीच्या पार गेला की सगळे नाचूनच राहिले. ह्यांना शेजारी नसतात का बाप्पा?"

मी हसले. मला तो विनोद वाटला होता.

बाकी चुका माझ्याच आधी निघाल्या, हे तू मला आयुष्यभर ऐकवणार होतीस. मी काढलेली सगळी पोरं बॅट हातात घेऊन धावायची. लहानपणापासून क्रिकेटच पाहिलेलं, बॅट टाकून धावायचं असतं हे माझ्या डोक्यात येणार कुठून? डेलने स्क्रीनवर पाहिलं आणि विचारलं, "ही मुलं बॅट घेऊन कुणाला मारायला निघालीयेत?" तू टेबलाखाली तोंड घालून हसलीस. पिचरला शेवटपर्यंत बोलर म्हणणारी तू!

तुझी चूक निघाली ती मात्र त्याच कॉलवर, दहा मिनिटांनी. डेलने झोकात फटका मारला. बॉल भिंतीवरून पार. तो खुर्चीतून अर्धा उठलाच होता, आणि स्क्रीनवर भलंमोठं 'आऊट'. वर ती लाल टोपीवाली भिंत चढून नाहीशी झाली आणि बाकीची पोरं नुसती उभी. डेल हळूहळू परत खुर्चीत टेकला. मग अगदी सौम्यपणे म्हणाला, बग दिसतोय. डर्व्हला छताकडे बघायला लागली. मी तुझा हात दाबला की बाई, हो म्हण, सुधारते म्हण, आपल्याला हे काम हवंय. आणि तू त्याला शांतपणे सांगतेस, "नो, नो. दॅट इज द रूल."

भिंतीपलीकडे गेला की आऊट. ज्याने मारला त्यानेच आणायचा. तो येईपर्यंत खेळ थांबणार. तू याचा विचारसुद्धा केला नव्हतास, कोड लिहिताना हात आपोआप तिकडे गेला. पण चूक कळल्यावरही तू ती का धरून बसलीस, हे मला तेव्हा कळेना. होम रन, म्हणजे त्यांचा सिक्सर, हा त्यांचा सगळ्यात मोठा आनंद, आणि आपण त्यावर आऊट देतोय!

"त्यांचा खेळ आहे," मी बसमध्ये तुझ्यावर ओरडले. "आपण लोकांच्या घरी जाऊन त्यांचे सोफे हलवतो का?"

"अन् खिडकी फुटली तर? कोण जाते मग बेल वाजवायला? भैताडासारखं काय बोलून राहिली."

"अगं प्लास्टिकचा बॉल आहे. खिडकी नाही फुटत त्याने!"

"तरी पण जावं तर लागतेच ना."

घराकडचं ल्यूकन येईपर्यंत आपलं हेच चाललं होतं. वरच्या डेकवरची माणसं बघत होती. तू होम रन ठेवायला तयार झालीस, पण हा दुसरा नियमही ठेवायचा, ज्याला हवा तो निवडेल. 'घरचा नियम' म्हणून. मी म्हटलं, ज्याला हवा तो म्हणजे जगात एकटी तू. त्यावर तू खिडकीबाहेर बघत, सहज सांगावं तसं सांगितलंस. लहानपणी सांध्यांचा ताप आला, त्याने झडप बिघडली. डॉक्टरांनी धावायला बंदी घातली. कॉलनीतली पोरं तुला बॅटिंग द्यायची, पण तुझ्यासाठी धावायचं दुसऱ्याच कुणीतरी. फक्त बॉल भिंतीपार गेला की आणायला तू जायचीस, चालत, आपल्या चालीने, आणि तू येईपर्यंत अख्खी टोळी उन्हात उभी असायची.

"तेवढा वेळ सगळे माझ्यासाठी थांबत होते," तू म्हणालीस. "म्हणून मी मुद्दाम पार मारत होती."

आपला स्टॉप आला, आपण उतरलो. त्यानंतर तू तो विषय काढला नाहीस आणि मीही नाही. पण नियमावरून भांडायची मी थांबले नाही हं. तुझी दया येऊन हरले असते तर तूच मला घराबाहेर काढलं असतंस.

आणि खरं सांगायचं तर वैताग यायचाच की! रविवारी तुमच्या मागच्या अंगणात आपण तिघं, मी, तू आणि प्रशांत. बॅट-बॉल तू हॉट प्रेसमध्ये ठेवायचीस, गरम पाण्याच्या टाकीच्या त्या कपाटात, टॉवेलांच्या शेजारी. थंडीने प्लास्टिकला तडे जातात म्हणे. कानटोप्या, हातमोजे, आणि वारा असा की बॉल टाकणाऱ्याच्याच तोंडावर यायचा. त्यातही तू बरोबर भिंतीपलीकडे मारायचीस, शेजारच्या नोलन आजोबांच्या बागेत. मग बाजूच्या गेटमधून वळसा घालून तू त्यांची बेल वाजवणार, आणि आजोबा तुला चहा पाजल्याशिवाय सोडणार नाहीत. आम्ही इकडे गारठत उभे! पलीकडून तुझं हसणं ऐकू यायचं. प्रशांत ओरडायचा, "कांचन, मॅच चालू आहे!" तू ओरडायचीस, "मॅच थांबली आहे! नियम वाच!"

ती वाट बघणारी पोरं मी तिथेच उभं राहून काढली, कळलं? एक बादली पालथी घालून बसलाय तो प्रशांत. बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधतेय ती मी. डेलला त्या पोरांचा कंटाळा यायचा. "इथे काहीच होत नाही," तो म्हणायचा. "कापा हे." तू एक सेकंदसुद्धा कापू दिला नाहीस.

ऑपरेशनच्या आधीचा रविवार. डिसेंबरमधला बर्फ वितळून गेला होता, पण जमीन अजून कडक होती. तुला धाप लागत होती. प्रशांत म्हणाला आज नको. तू म्हणालीस एकच. मी अगदी हळू टाकला, आणि तू तो सरळ पार पाठवलास. मग तू गेटकडे निघालीस आणि मधेच कठड्याला धरून थांबलीस. ओठ निळसर दिसत होते. मी धावले. "राहू दे गं, मी आणते," म्हटलं.

"अजिबात नाही. ज्याने मारला त्यानेच." तू श्वास घेत घेत बोलत होतीस. "आल्यावर आणते."

ऑपरेशनच्या सकाळी तुझा फोन आला. मी घाबरून काहीबाही बोलत सुटले, गणपती, पथ्यपाणी, तुझी आई कधी पोचतेय. तू मध्येच तोडलंस. "ते येणं काढलं का तू?"

"नाही काढलं. आधी नियम काढ."

"नाही काढत."

"कांचन!"

"बरं बरं, नर्स आली. आल्यावर भांडू."

बस. एवढंच. लोक म्हणतात शेवटचं बोलणं नीट व्हायला हवं होतं. मला नाही तसं वाटत. आपलं नीटच झालं. फक्त ते अर्धं राहिलंय आणि उरलेलं अर्धं तुझ्याकडे आहे.

काल मीटिंग झाली. डेलने आधी हात जोडले, आपल्यासारखे, कुठूनतरी शिकून. मग म्हणाला की घरचा नियम राहू द्यायला त्याची हरकत नाही, पण अशा अर्ध्या अवस्थेत नाही. त्याच्या मुलीने आदल्या दिवशी खेळून पाहिलं. लाल टोपीवाली भिंतीपलीकडे गेली, मग बॉल आपोआप बोलरच्या हातात आला आणि खेळ सुरू. ती विचारत राहिली, ती मुलगी कुठे गेली? ती परत नाही येत का? रडली म्हणे.

डर्व्हलाचे डोळे लाल झाले होते, पण ती बॉस आहे, तिला बोलावं लागलं. "शुक्रवारी चारला गेम जातो," ती मला म्हणाली. "एक तर ती परत येऊ दे, नाहीतर आपण भिंतीचा नियम काढून टाकू. तुला जमत नसेल तर तसं सांग. कोणी तुला काही म्हणणार नाही."

आणि ऐक, मी काय केलं ते. ज्या नियमावरून मी तुझं डोकं खाल्लं, त्याच्यासाठी मी टेबलावर हात आपटून भांडले. म्हटलं, नियम हलणार नाही. थांबणारी पोरं हलणार नाहीत. शुक्रवारी मिळेल. तावातावाने बोलून बाहेर आले आणि तेव्हापासून हा कागद असा कोरा. हात भिंतीपर्यंत जातो आणि थांबतो. तू येताना कशी दिसतेस तेच मला आठवत नाही गं. जाताना दिसतेस. पाठ, वेणी, गेट. येताना तू आजोबांनी दिलेल्या कपाच्या वाफेत, हसत, काहीतरी बोलत यायचीस, आणि मी तोवर इतकी वैतागलेली असायचे की बघायचेच नाही. आता नाही जमलं तर तुझा नियम जाईल, आणि तो गेला की तुझ्यासाठी कोणी थांबणार नाही.

*

गुरुवार. लिहिता लिहिता उठले होते. आज ऑफिसला गेलेच नाही, तुमच्या घरी आले. हीटिंग चालू आहे, काळजी करू नकोस. टपाल उचललं. हॉट प्रेस उघडलं तर बॅट तिथे, टॉवेलांशेजारी, कोमट. मी ती बाहेर घेऊन आले. का, ते विचारू नकोस. अंगणात जाऊन उभी राहिले, भिंतीकडे तोंड करून. हवा कोरडी होती. कुठे काही हालचाल नाही.

आणि भिंतीवर हात आला.

आधी चार बोटं कडेवर. मग मनगट, मग त्या हातात तो पांढरा बॉल, धुऊन पुसून लख्ख केलेला. मी ओरडलेच असणार, कारण पलीकडून नोलन आजोबांचा आवाज आला, "मी आहे गं, मीच. दार उघडल्याचा आवाज आला म्हटलं." ते कशावर तरी चढले होते, त्यांचं डोकंसुद्धा दिसत नव्हतं, फक्त तो हात. म्हणाले, हा त्या रविवारपासून गुलाबांच्या वाफ्यात होता. मला दिसत होता. पण तिचा नियम मला माहीत होता, म्हणून मी उचलला नाही. वाट पाहत होतो.

मग थांबून म्हणाले, "सॉरी फॉर युअर ट्रबल, लव्ह." इथे मयताला गेलं की सगळे हेच म्हणतात. तुझ्या वेळी रांगेत उभं राहून प्रत्येकाने म्हटलं होतं, आणि मला तेव्हा ते कोरडं वाटलं होतं. कसला ट्रबल, माझी मैत्रीण गेलीय! आज मात्र भिंतीपलीकडून ते ऐकलं आणि मी त्या हातातून बॉल घेऊन तिथेच गवतावर बसले आणि हमसून हमसून रडले. तू गेल्यापासून पहिल्यांदा. आजोबा पलीकडे उभे होते. गेले नाहीत. थांबले.

नंतर मी डोळे पुसले, तुझ्या किचनमध्ये आले, तुझ्याच कपात चहा केला आणि टेबलावर कागद मांडले. पेन्सिलीचं थोटूक उरलं होतं, पुरलं. आधी चार बोटं भिंतीच्या कडेवर. मग मनगट आणि बॉल. मग टोपीचं लाल टोक. एक कोपर वर, दम खाऊन दुसरं. तुला श्वास घ्यायला मी भरपूर जागा दिलीय, डेलला आवडो न आवडो. मग कपाळ, भुवया, आणि ते तुझं हसणं, तोंडात अजून बिस्किट असताना बोलायला सुरुवात करणारं. ते सापडलं गं मला. बादलीवरचा पोरगा उठून उभा राहतो. नाडी बांधणारी मान वर करून बघते. तू भिंतीवर बसतेस, पाय इकडे टाकतेस, उडी मारतेस.

उद्या चारच्या आत हे सगळं डर्व्हलाच्या टेबलावर असेल.

आता माझी नाडी बांधून झालीय, मी उभी आहे, कमरेवर हात ठेवून. होम रन होता तो, कांचन. मी अजूनही तेच म्हणते. बॉल आणलास ना? आलीस ना? मग चल, भांड आता.